आत्याचं डबडं रुमालात का गेलं?

ताई,

माझी आत्या ७४ वर्षांची आहे, सोलापुरात भवानी पेठेत एकटी राहते. जन्मभर विड्या वळल्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते काम सुटलं. तिचा ट्रान्झिस्टर दिवाळीत बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, आता याचं सामान मिळत नाही. म्हणून मी तिच्यासाठी मुठीत मावेल एवढा एमपीथ्री प्लेअर मागवला. छोटी स्क्रीन, आतच स्पीकर, एफएमसुद्धा आहे. वाटलं, तासाभराचं काम. ताई, तीन रविवार गेले! ६४ जीबीचं कार्ड घातलं तर म्हणतो कार्डच नाही. दुसरं घातलं तर गाणी उलटसुलट. हरिपाठाचा पहिला अभंग संपला की सतरावा, मग मध्येच लावणी. नावांच्या जागी चौकोन. काही फाइली वाजतच नाहीत. एक गाणं ऐकू येत नाही, पुढचं घर डोक्यावर घेतं. हे सगळं कसंबसं निस्तरून तिला बटणं शिकवली. पाच वेळा शिकवली, सहाव्या वेळी माझा आवाज चढला. परवा गेलो तर प्लेअर धुतलेल्या रुमालात गुंडाळून कपाटात, साड्यांखाली. म्हणते, "चांगलं हाय की रे, नीट ठेवलंय. ते डबडं माझ्याशी इंग्रजीत बोलायलंय, मला काय कळायलंय त्यातलं?" आई म्हणते, कशाला म्हातारीच्या मागे लागतोस. आत्याला खरंच नको आहे, की जमत नाही? की सरळ गाणी भरून मिळतो तो रेडिओसारखा मोठा स्पीकर आणू?

जुळे सोलापूरहून, एक भाचा

*

ताई म्हणून लिहिलंस, तेव्हा अरे-तुरेच करते.

माझ्या वडिलांसाठी मी असाच एक प्लेअर आणला होता. खोकं उघडलं, बटण दाबलं आणि अख्खा मेन्यू चिनी. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे मॅडम, सेटिंगमध्ये जाऊन लँग्वेज बदला." आता सेटिंग कुठलं, तेही चिनीतच लिहिलेलं. शेवटी फोनचा कॅमेरा त्या नखाएवढ्या स्क्रीनवर धरून एकेका ओळीचं भाषांतर करत मी आत शिरले आणि इंग्रजी लावली. दहा दिवसांनी बॅटरी पार उतरली, सेटिंग पुसलं गेलं, पुन्हा चिनी. वडिलांनी तो दोन बोटांत धरून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "याला याच्या गावी जाऊ दे."

त्यामुळे तुझ्या तीन रविवारांचं मला काही नवल वाटलं नाही. त्यातले दोन यंत्रापायी गेले, तिसरा तुझ्यापायी. आधी यंत्राचं बघू.

कार्डाचं एका दमात सांगून टाकते. ३२ जीबीपर्यंतची कार्डं 'फॅट ३२' नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेली येतात, त्यापुढची 'एक्सफॅट' नावाच्या नव्या पद्धतीने. स्वस्तातल्या प्लेअरला बहुतेक वेळा जुनीच पद्धत वाचता येते. कार्ड खराब नाही, प्लेअरही खराब नाही, दोघांची लिपी वेगळी. आणि तुला एवढं मोठं कार्ड हवंय कशाला? साध्या दर्जाचा (१२८ केबीपीएस) एमपीथ्री मिनिटाला जेमतेम एक एमबी जागा खातो. म्हणजे ३२ जीबीत दिवसरात्र वाजवलं तरी तीन आठवडे पुरेल एवढं मावतं. घरात कुठल्यातरी जुन्या मोबाइलमधलं ८ जीबीचं कार्ड पडलेलं असेल, ते काढ.

उलटसुलट क्रमाची गंमत अशी. लॅपटॉपवर फाइली नावाप्रमाणे ओळीत दिसतात, कारण लॅपटॉप त्या तुझ्यासाठी तशा लावून दाखवतो. तुझा प्लेअर तसले कष्ट घेत नसणार. कार्डावर जी फाइल आधी उतरली ती आधी वाजणार. रेशनच्या रांगेसारखं आहे ते. तुझं नाव काय, आडनाव काय, कोणी विचारत नाही, आधी आला त्याचा नंबर आधी. तू सगळ्या फाइली एकदम निवडून ओढल्या असणार, तेव्हा कोण कुणाच्या पुढे घुसला याचा काही भरवसा नाही. म्हणून कार्ड कोरं कर, फॅट ३२ मध्ये फॉरमॅट कर, प्रत्येक फाइलच्या नावाआधी ००१, ००२ असे तीन आकडे लाव आणि त्याच क्रमाने एकेक करून टाक. नुसते १, २, ३ लावू नकोस. नावाप्रमाणे वाजवणारा प्लेअर निघाला तरी तो १ नंतर १० घेईल आणि तू पुन्हा मला पत्र लिहिशील. कार्डावरची यादी नीट लावून देणारे फुकटचे छोटे प्रोग्रामही मिळतात, पण साठ-सत्तर फाइली हाताने टाकायला अर्धा तास पुरतो. एक मात्र लक्षात ठेव: नंतर मधली एखादी पुसून नवी टाकलीस तर ती रांगेतल्या त्या मोकळ्या जागेत घुसू शकते. बदल करायचा असेल तेव्हा कार्ड पुन्हा कोरं करून पहिल्यापासून भरायचं. कटकट आहे, पण वर्षातून दोनदाच.

ज्या फाइली वाजत नाहीत त्या एमपीथ्री नसतील. नाव बदलून शेवटी एमपीथ्री लिहिलं म्हणून ती फाइल एमपीथ्री होत नाही. (हे मी स्वतः करून बघितलंय, हसू नकोस.) आयफोनवरून आलेलं रेकॉर्डिंग बहुधा एमफोरए असतं, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला निरोप ओपस असतो. लॅपटॉपवर व्हीएलसी हा गाणी-व्हिडिओ लावायचा फुकट प्रोग्राम असेल तर त्यातूनच एमपीथ्री करून घेता येतं. पैसे भरून गाणी ऐकायच्या ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी मात्र त्या ॲपच्या कुलपातच राहतात, ती कार्डावर येत नाहीत. त्यात चौथा रविवार घालवू नकोस. घरात सीडी असतील तर त्या काढ. आणि आत्याकडे कॅसेटी नक्की असतील, पलंगाखाली बघ. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी या फुकट प्रोग्राममध्ये त्या भरून घेता येतात. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्याला इलाज नाही.

लहान-मोठ्या आवाजासाठी एमपीथ्रीगेन नावाचा जुना, फुकट प्रोग्राम आहे. सगळ्या फाइली त्यात टाकायच्या, तो त्यांना एका पातळीवर आणतो. मुळात ८९ डेसिबलवर लावलेला असतो, तसाच राहू दे. गाण्याचा दर्जा बिघडत नाही. हे करच, कारण पहाटे पाच वाजता काकडा हळू लागला म्हणून आत्या आवाज वाढवणार आणि पुढच्या गाण्याला अख्खी गल्ली उठणार.

राहिले ते चौकोन. त्यांचा नाद सोड. त्या यंत्रात देवनागरी अक्षरंच भरलेली नाहीत आणि आत्या ती स्क्रीन वाचणारही नाही.

असली यंत्रं अशी का, म्हणशील तर चांगले प्लेअर करणाऱ्या बहुतेकांनी दुकान आवरलं. २००१ साली निघालेला आयपॉड ॲपलने २०२२ मध्ये बंद केला. सगळ्यांचं गाणं फोनमध्ये गेलं. मागे जी स्वस्त डबडी उरली ती फोन नको असलेल्यांसाठी, म्हणजे बहुतेक म्हाताऱ्यांसाठी, आणि त्यांची बटणं बनवताना म्हाताऱ्यांचा विचार कोणी केलेला नाही.

आता तिसरा रविवार.

"जन्मभर विड्या वळल्या" हे तू पत्रात सहज लिहून पुढे गेलास. मी तिथेच अडकले. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली पानं. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. दोन्ही हात गुंतलेले, नजर पानावर, आणि शेजारी फळीवर ट्रान्झिस्टर. त्या ट्रान्झिस्टरने तिच्याकडे कधी काही मागितलं का? सकाळी एकदा कान पिळला की झालं. भक्तिगीतं संपली की बातम्या, मग शेतीचं काहीतरी, मग गाणी. पुढे काय लावायचं हे तिला कुणी विचारलं नाही.

तुझ्या आत्याला गाणं निवडायची सवयच नाही रे. तिच्याकडे गाणं लागतं. आणि तू तिच्यापुढे फोल्डर मांडलेस: भजन, अभंग, लावणी, जुनी सिनेमाची गाणी. ही मांडणी तुझ्या लॅपटॉपची झाली. तिची मांडणी घड्याळाची आहे. पहाटे काकडा आणि भूपाळी, मग हरिपाठ अखंड, क्रमाने. चहा झाल्यावर अभंग. दुपारी जेवण करून आडवं होताना लावणी आणि सिनेमाची गाणी. दिवेलागणीला पुन्हा देवाचं. तो क्रम लावून दे. म्हणजे तिच्यासाठी एक छोटं आकाशवाणी केंद्र काढ, ज्यात बातम्या नाहीत.

कोणती गाणी घालू असं तिला विचारू नकोस. "लाव की काहीही" म्हणेल. तुझ्या फोनवर एकेक लाव आणि ती काय करते ते बघ. ज्याला तिची मान हलेल, ज्याचे शब्द ती गायकाच्या आधी म्हणेल, ते घ्यायचं. आणि भवानी पेठेत राहते म्हणजे शेजारणींमध्ये तेलुगू बोलणाऱ्या असणारच. त्यांच्याबरोबर बसून विड्या वळल्या असतील तर त्यांची लग्नातली, देवीची गाणी तिच्या कानात असतील, अर्थ कळो न कळो. ती एखाद्या शेजारणीकडून फोनवर म्हणवून घे. तसलं गाणं तुला कुठल्या दुकानात मिळायचं नाही.

बटणांकडे येते. तुझ्या प्लेअरला पुढचं गाणं आणि मोठा आवाज ही दोन्ही कामं एकाच बटणावर आहेत ना? बहुतेक असल्या यंत्रांना असतात. टचकन दाबलं की गाणं पुढे, दाबून धरलं की आवाज मोठा. आता ज्या माणसाला बटण लागलं की नाही याची खात्री नसते, तो काय करतो? धरून ठेवतो. आत्याने पुढच्या गाण्यासाठी बटण दाबलं, धरलं, आणि डबडं किंचाळलं. पाचही वेळा हेच झालं असणार. तुझा आवाज सहाव्या वेळी चढला, त्या यंत्राचा पहिल्यापासून चढत होता.

यावर उपाय शिकवण्याचा नाही, कमी करण्याचा आहे. तिला दोनच गोष्टी लागतात: चालू-बंद, आणि आवाज. गाणं पुढे ढकलायची गरजच पडू नये म्हणून तर तू क्रम लावलास. चालू-बंदच्या बटणावर एक मखमली टिकली चिकटव, वरून फेविक्विकचा ठिपका दे. आयुष्यभर दोऱ्याचा एकेक वेढा बोटांनी जोखलाय तिने. स्क्रीन दिसली नाही तरी टिकली तिला अंधारात सापडेल. 'मोड' लिहिलेल्या बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून घट्ट चिकटपट्टी मार. ते चुकून दाबलं गेलं की यंत्र ब्लूटूथवर जातं आणि आतली बाई इंग्रजीत काहीतरी पुकारते. आत्याची तक्रार त्या बाईबद्दलच आहे. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट लावायची सोय, बंद कर, सगळं पुन्हापुन्हा वाजेल असं लाव. मग एक परीक्षा घे: गाणं अर्ध्यात असताना बंद करून परत चालू कर. जिथे सोडलं तिथूनच लागलं तर तुझं नशीब. दर वेळी ००१ पासून सुरू होत असेल तर असा प्लेअर तिच्या कामाचा नाही, कारण तिला दुपारीही काकडाच ऐकावा लागेल. तो परत कर किंवा स्वतःकडे ठेव, आणि दुसरा घेताना कार्ड खिशात घालून नव्या पेठेतल्या दुकानातच ही परीक्षा कर. जमलं तर आत्यालाही ने. काउंटरवर तिच्या हातात दे आणि तू गप्प राहा. बोट आपोआप कुठे जातं ते बघायचं.

यात एक गोष्ट करून बघ, मला वडिलांच्या वेळी फार उशिरा सुचली. स्क्रीन वाचता येत नाही ना, मग स्क्रीनचं काम आवाजाला दे. फोनवर तुझा आवाज भर, दहा-दहा सेकंदांचा: "आत्या, आता हरिपाठ लागतोय." "आत्या, जेवलीस का? आता लावण्या." त्यांचे एमपीथ्री कर आणि क्रमात त्या त्या गाण्यांच्या आधी घाल. ००१ ला सांग, टिकलीचं बटण चालू-बंदचं, आणि बाकी कशालाही हात लावला तरी काही बिघडत नाही. घरात बोलतोस तसं बोल, निवेदकाचा सूर लावू नकोस. म्हणजे डबडं तिच्याशी इंग्रजीत न बोलता भाच्यासारखं बोलेल.

एफएमचंही तुला कुणी सांगितलं नसेल. या छोट्या प्लेअरना वेगळी एरियल नसते, कानात घालायच्या इअरफोनची वायर हीच एरियल. ती खोचली नाही तर सोलापूर केंद्रसुद्धा खरखरतं. आणि इअरफोन आत्या घालणार नाही. एकटी बाई आहे, कानात काही घातलं की दाराची कडी वाजलेली कळत नाही. काही प्लेअरमध्ये वायर खोचून आवाज स्पीकरला देता येतो, तसं जमतंय का बघ. नाहीतर ओढून लांब करायची एरियल असलेला साधा रेडिओ वेगळा घे, स्वस्त मिळतो. मी तर म्हणते तो आधी घ्यायला हवा होतास. ट्रान्झिस्टर गेला तर ट्रान्झिस्टर आणायचा.

मोठ्या स्पीकरचं विचारलंस. त्यातला कारवाँ नावाचा स्पीकर २०१७ साली आला तेव्हा त्यात ५००० गाणी भरलेली होती, मराठी गाण्यांचाही निघाला. फिरवायचं चाक आहे, रेडिओ आहे, पेन ड्राइव्ह लावायची सोय आहे, आणि दिसायलाही तिच्या ओळखीचा. हातात पैसे असतील तर वाईट नाही. पण एवढी सगळी गाणी तिची नाहीत, आणि किंमत ऐकून ती तो कपाटाच्या वरच्या खणात ठेवेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

म्हणजे आलो त्या रुमालावर. नको असलेली वस्तू माणूस कोपऱ्यात टाकतो, शेजारच्या पोराला देऊन टाकतो. धुतलेल्या रुमालात बांधून साड्यांखाली काय ठेवतात? पैसे, डोरलं, कागदपत्रं. तिला ते नको झालेलं नाही. आपल्या हातून पोराची महागाची वस्तू बिघडेल, ही भीती आहे. तू तिला किंमत सांगितली असशील. सांगितलीस ना? आता सांग की बिघडला तर दुसरा येतो, आणि खरंच तसं वाग. कार्डाची एक नक्कल तुझ्या कपाटात ठेव. ओरडल्याबद्दल माफीबिफी मागत बसू नकोस, ती अवघडेल आणि तुलाच चहा करून देईल. रविवारी जा, बदललेला प्लेअर चालू करून फळीवर ठेव आणि दुसरं काहीतरी बोलत बस.

चार्जिंगचं काम शक्यतो तिच्यावर टाकू नकोस. आठवड्यातून एकदा तू जातोसच. तेवढी बॅटरी टिकत नसेल तर संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना वायर खोचायची, हा नेम लावून दे, आणि खोचायची बाजू कळावी म्हणून वायरच्या टोकालाही एक टिकली. एप्रिल-मेमध्ये घराचा पत्रा तापतो तेव्हा यंत्र खिडकीत किंवा माळ्यावर राहू देऊ नकोस, बॅटरी फुगते.

रुमाल मात्र असू दे. आपल्याकडची धूळ त्या जाळीत गेली की महिन्यात आवाज बसतो. फक्त वाजत असताना स्पीकरवरून बाजूला करायला सांग.